जाहिरात सांगते गाडी किती पळते. किती अंतरात थांबते ते कोण सांगणार?

प्रश्न: "दसऱ्याला आम्ही नवीन एसयूव्ही घेतली. मुलगा २२ वर्षांचा आहे, लायसन्स आहे, रोज गाडी घेऊन शिरोली एमआयडीसीत कामाला जातो. गाडी घ्यायच्या आधीपासून तिच्या जाहिराती मोबाईलवर बघत असतो. आता म्हणतो, 'आई, ही गाडी शंभरच्या खाली चालवणं म्हणजे तिचा अपमान.' माझं मत, या जाहिरातींनीच पोरं बिघडवली. आमच्या ह्यांचं म्हणणं, जाहिरात बघून कोण गाडी हाणत नाही, वयच तसं असतं. डिसेंबरात तो मित्रांबरोबर गोव्याला जायचं म्हणतोय. जाऊ द्यावं का?" (एक आई, कोल्हापूर)

ताई, मी कोल्हापुरात २८ वर्षं ड्रायव्हिंग शिकवतोय. मध्ये दोन वर्षं एका शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्हच्या गाडीवर होतो. त्यामुळे गाडी विकताना काय बोललं जातं आणि ती घरी आल्यावर पोरं तिचं काय करतात, हे दोन्ही जवळून बघितलंय.

तुमचे मिस्टर निम्मे बरोबर आहेत. टीव्हीवर जाहिरात लागली आणि पोरगं चावी घेऊन पळालं, असं होत नाही. वय असतं, मागच्या सीटवरचे मित्र असतात, गेम असतात, रील्स असतात. यातला जाहिरातीचा वाटा किलोवर तोलून दाखवता येत नाही, कारण ज्याला वेगाची आवड त्यालाच मोबाईल अशा जाहिराती जास्त दाखवतो. पण वाटाच नाही, हे मात्र मी मान्य करणार नाही. जर्मनीतल्या मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये रेसिंगच्या व्हिडिओ गेमवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. असा गेम खेळून उठलेल्या तरुणांना लगेच रस्त्यावरचे प्रसंग पडद्यावर दाखवले, तेव्हा त्यांनी जास्त धोका पत्करला. गेम आणि जाहिरात एक नव्हे, हे कबूल. तरी डोळ्यांपुढून गेलेलं चित्र पायापर्यंत उतरतं, एवढं त्यातून दिसतं.

माझा अनुभव वेगळ्या बाजूचा आहे. नवीन शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी विचारतो, "डोळे मीट. तू गाडी चालवतोयस. काय दिसतंय?" पूर्वी उत्तर यायचं, "महाद्वार रोडची गर्दी, सर. भीती वाटते." आता येतं, "घाट आहे, पाऊस पडून गेलाय, रस्ता मोकळा आहे." मी पुढचा प्रश्न विचारतो, "रस्त्यावर अजून कोण आहे?" पोरगं जरा वेळ थांबतं आणि म्हणतं, "कोण नाही."

माझं दुखणं हे आहे. स्टंटची नक्कल करणारी पोरं थोडी असतात, आणि ती जाहिरात नसती तरी केली असती. पण डोक्यातला रस्ता रिकामा झालेली पोरं ढिगानं आहेत. त्यांना समोर म्हातारा, म्हैस, स्कूटी, ट्रॅक्टर आला की तो मध्येच कडमडला असं वाटतं. खरं तर रस्ता त्याचाही असतो.

आता जाहिरातीतला तो रस्ता रिकामा का असतो, तर तो बंद केलेला असतो. परवानगी काढून, दोन्ही टोकांना माणसं उभी करून. वर टँकरनं पाणी मारून ओला करतात, म्हणजे डांबर चकाकतं आणि दिव्यांचं प्रतिबिंब पडतं. शेजारून दुसरी गाडी चालते, तिच्या छतावर लांब क्रेनसारखा हात आणि त्याच्या टोकाला कॅमेरा. तो कॅमेरा जमिनीच्या अगदी जवळ नेतात आणि वाइड लेन्स लावतात. जमिनीलगत डोळा असला की चाळीसचा वेगसुद्धा ऐंशीसारखा वाटतो. तुम्ही लहानपणी सायकलच्या कॅरिअरवर बसून खाली रस्त्याकडं बघितलं असेल तर आठवेल. शिवाय सेकंदाला कमी चित्रं (फ्रेम) टिपून ती नेहमीच्या गतीनं दाखवली की गाडी आणखी पळते. इंजिनचा आवाज नंतर स्टुडिओत चढवतात. २०१६ पासून तर असा एक सांगाडाच तयार मिळतो, ज्याची लांबी आणि चाकांमधलं अंतर कमीजास्त करता येतं. शूटिंगला तो पळवायचा आणि मग संगणकावर त्याच्या अंगावर हवी ती गाडी चढवायची. म्हणजे तुमचा मुलगा ज्या गाडीच्या प्रेमात पडला, ती त्या रस्त्यावर गेलीच नसेल, असंही होऊ शकतं.

आणि गंमत अशी की खऱ्या एसयूव्हीत याच्या बरोबर उलटं घडतं. जाहिरातीत कॅमेरा खाली असतो, तुम्ही मात्र वर बसता. उंचावरून रस्ता संथ सरकताना दिसतो. कॅनडातल्या एका सिम्युलेटर प्रयोगात उंच सीटवर बसलेल्या चालकांनी स्पीडोमीटर न बघता जास्त वेग पकडला होता. पोराला नव्वद हा साठसारखा वाटतो. जाहिरातीतला थरार काही येत नाही, मग तो शोधायला शंभर, मग एकशे दहा. हॅचबॅकवरून एसयूव्हीवर आलेल्या माझ्या जवळपास प्रत्येक विद्यार्थ्याच्या बाबतीत मी हे बघितलंय. सवयीचाही भाग आहे. हायवेवर अर्धा तास शंभरनं आल्यावर तावडे हॉटेलजवळ गावात वळलात की पन्नास म्हणजे गाडी ढकलल्यासारखी वाटते. तिथून कावळा नाक्यापर्यंत येणारी पोरं याच नशेत असतात. काटा बघायला सांगा, चकित होतात.

आता आपल्या रस्त्याचं. नोव्हेंबरात ऊस हंगाम सुरू होतो. जिल्ह्यात वीसहून अधिक साखर कारखाने. रात्रभर ट्रॅक्टर आणि मागे दोन-दोन ट्रॉल्या चालू असतात. काहींना रिफ्लेक्टर असतो, काहींचा उसाच्या पाल्यात झाकून गेलेला असतो, काहींना मुळात नसतोच. टेल लॅम्पचं तर बोलूच नका. मी एका विद्यार्थ्याला सांगलीच्या रस्त्यावर रात्रीच्या सरावाला नेलं होतं. आमच्या गाडीला डबल कंट्रोल, म्हणजे माझ्या पायाशीही क्लच आणि ब्रेक. पोरगं सत्तरनं चालवत होतं. समोरून ट्रक आला म्हणून त्यानं डिपर केला, म्हणजे दिव्यांचा झोत खाली घेतला, चांगली सवय. ट्रक गेला आणि पुढं काळंच दिसलं. मला वाटलं, झाडाची सावली. मग त्या सावलीतून उसाची दोन-चार टिपरं खाली लोंबताना दिसली. मी ब्रेकवर उभा राहिलो. गाडी थांबली तेव्हा बॉनेट आणि ट्रॉलीत एक माणूस आडवा झोपेल एवढी जागा होती. ट्रॅक्टरवाल्याला पत्ताच नव्हता, त्याची टेपवरची गाणी चालू. पोरगं दहा मिनिटं स्टिअरिंग धरून बसलं, मग म्हणालं, "सर, तुम्हाला दिसलं कसं?" मला दिसलं नव्हतं. तिथं काहीतरी असणारच, हे मला माहीत होतं, एवढाच फरक.

त्या रात्रीचं गणित मी आता सगळ्यांना फळ्यावर करून दाखवतो. तुमच्या मुलालाही द्या, इंजिनिअरिंगकडचा असेल तर स्वतः ताडून बघेल. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर दाबला जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. कोरडा चांगला रस्ता आणि चांगले टायर धरले, तर साठच्या वेगाला गाडी पूर्ण थांबायला सुमारे ४५ मीटर लागतात. ऐंशीला ६९. शंभरला ९७. एसटीची लांबी ११ मीटर धरा: साठला चार एसट्या, ऐंशीला सहा, शंभरला जवळजवळ नऊ. डिपरवर दिव्यांचा कामाचा उजेड पन्नास-साठ मीटर. म्हणजे रात्री समोरून वाहन येत असताना ऐंशीनं जाणारा माणूस स्वतःच्या उजेडाच्या पुढं धावत असतो. जे दिसेल त्याच्या आत तो थांबूच शकत नाही.

यातला सगळ्यात वाईट आकडा पुढं आहे. दोन गाड्या शेजारीशेजारी, एक ऐंशीला, एक शंभरला. दोघांनी एकाच क्षणी ट्रॉली बघितली. ऐंशीवाली ट्रॉलीला टेकता टेकता थांबली. त्याच ठिकाणी शंभरवालीचा वेग अजून सत्तरच्या आसपास असतो. वीसचा फरक वाटतो ना? धडकेच्या जागी तो सत्तरचा होतो. आणि एवढं करून मिळतं काय? कोल्हापूर ते कागल २० किलोमीटर धरा. ऐंशीनं १५ मिनिटं, शंभरनं १२. तीन मिनिटांत चहासुद्धा उकळत नाही.

हे गणित कुठल्याच जाहिरातीत नसतं. शून्य ते शंभर किती सेकंदांत, हे मोठ्या अक्षरांत. शंभर ते शून्य किती मीटरमध्ये, हे कुठं वाचलंय? शोरूममध्ये दोन वर्षांत शेकड्यांनी लोकांना टेस्ट ड्राइव्ह दिली. शेजारी बसलेला सेल्समन ठरलेलं वाक्य बोलायचा, "सर, जरा पिकअप बघा." गिऱ्हाईक दाबायचं, पाठ सीटला चिकटायची, चेहरा खुलायचा, गाडी विकली जायची. त्या दोन वर्षांत एकानंही विचारलं नाही, "जरा ब्रेक बघू का?" मी एकदा आपणहून सुचवलं तर मॅनेजरनं नंतर बाजूला घेऊन सांगितलं, गिऱ्हाइकाला घाबरवायचं नाही. चूक त्याची एकट्याची नाही. एके काळी आपल्याकडं गाडीच्या जाहिरातीचा नायक अ‍ॅव्हरेज होता, आता पिकअप आहे, आणि त्याला तेच विकायला सांगितलेलं असतं. अमेरिकेतल्या १९८३ ते १९९८ मधल्या टीव्ही जाहिराती तपासणारा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथंही सगळ्यात जास्त जोर गाडीच्या ताकदीवर आणि चपळाईवर होता, सुरक्षितता फार मागे होती. आपण आता त्या वळणावर आलोय.

तुमचा मुलगा यावर म्हणेल, "माझी गाडी फाइव्ह स्टार आहे." हे तर मला रोज ऐकायला मिळतं. स्टार चांगलेच आहेत. २०२३ मध्ये भारत एनकॅप, म्हणजे गाडीला धडक देऊन बघून स्टार देणारी आपली चाचणी, सुरू झाली, लोक एअरबॅग विचारायला लागले, याचा मला आनंद आहे. पण त्याला विचारा की समोरची धडक किती वेगाला देऊन बघतात. ६४ किलोमीटर. बाजूची ५० ला, खांबाची २९ ला. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. १२० चा वेग ६४ च्या दुप्पटही नाही, पण ऊर्जा साडेतीन पट होते. त्या वेगाला ते पाच स्टार काय करतील, हे कुणी तपासलेलंच नाही. शिवाय ते स्टार आत बसलेल्यांचे आहेत. बाहेर रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचं काय? जागतिक आरोग्य संघटना सांगते, पादचाऱ्याला पन्नासऐवजी पासष्टच्या वेगानं धडक बसली तर मरणाचा धोका साडेचार पट होतो.

तसंच ते स्पोर्ट मोडचं बटण. त्यानं इंजिनात जास्त घोडे येत नाहीत. पाय तेवढाच दाबला तरी थ्रॉटल जास्त उघडतो, गिअर उशिरा पडतो, एवढंच. पण नावच असं ठेवलंय की पोराचा हात शिवशिवतो.

नियम नाहीत असं नाही. आपल्याकडं जाहिरातदारांनीच १९८५ मध्ये स्थापन केलेली अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल, म्हणजे आस्की, आहे. वाहनांच्या जाहिरातींसाठी तिची आचारसंहिता स्पष्ट आहे: वाहतूक नियम मोडताना दाखवू नये, धोकादायक चालवण्याला उत्तेजन मिळेल असा वेग किंवा कसरत दाखवू नये, स्टंट असेल तर वाचता येईल अशी सूचना द्यावी. आता ती "वाचता येईल" अशी सूचना तुम्ही कधी वाचून संपवली आहे का, सांगा. खाली मुंगीएवढी ओळ येते आणि पापणी लवायच्या आत जाते. तरी तक्रार करता येते, ऑनलाइन, फुकट. दबावाचा उपयोग होतो. अमेरिकेत १९९० मध्ये निस्साननं आपल्या स्पोर्ट्स कारची एक जाहिरात सुपर बोल या तिथल्या फुटबॉलच्या मोठ्या अंतिम सामन्याच्या वेळी दाखवली होती. वेगाला चिथावणी देते अशी टीका झाली आणि कंपनीनं ती पुन्हा दाखवली नाही.

पण खरं सांगू? टीव्हीवरची जाहिरात आता त्यातल्या त्यात सभ्य आहे. तुमचा मुलगा मोबाईलवर जे बघतो त्यात कंपनीची जाहिरात किती आणि एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं स्पीडोमीटरचं शूटिंग करणारे किती, एकदा त्याच्या शेजारी बसून बघा. आपल्या एमएच ०९ च्या नंबरप्लेटखाली "नाद खुळा" आणि "जाळ अन् धूर संगटच" लिहिलेल्या रील्स मीही बघतो. (शब्द आपलेच आहेत, मलाही आवडतात, काटा १४० वर असताना नाही आवडत.) पैसे घेऊन केलेल्या व्हिडिओवर तसं लिहिलं पाहिजे, असं आस्कीनं २०२१ मध्ये सांगितलंय. पण फुकटात, हौसेनं जाहिरात करणाऱ्या पोराला कोण काय सांगणार?

देशात २०२२ मध्ये रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. सरकारी अहवालात त्यातले ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात आहेत. पंचनाम्यात अतिवेग लिहिणं सोपं असतं, त्यामागं खड्डा, दारू, झोप यातलं बरंच लपतं, असं माझं मत आहे. तरीही आकडा लहान होत नाही.

मग घरी काय करायचं. पहिलं म्हणजे त्याला "जाहिरातीनं बिघडलास" म्हणू नका. बावीस वर्षांच्या पोराला कुणी आपल्याला फसवलं हे आईनं सांगितलेलं चालत नाही. त्याऐवजी तीच जाहिरात एकत्र बसून दोनदा बघा आणि त्याला दोनच गोष्टी मोजायला लावा: समोरून किती वाहनं आली आणि ब्रेक लाइट किती वेळा पेटला. माझ्या क्लासमध्ये मी हेच करतो. हसतात सगळे, आणि मग पुढची जाहिरात लागली की आपोआप मोजायला लागतात.

दुसरं काम तुमच्या मिस्टरांना सांगा. रविवारी सकाळी एखादं मोकळं, सपाट, खासगी मैदान बघा, मालकाला विचारून. आत कुणी नाही याची खात्री करा, सगळ्यांनी बेल्ट लावा, गाडीतलं सुटं सामान काढा. चुन्याची रेघ मारा. चाळीसच्या वेगानं येऊन रेघेवर ब्रेक पूर्ण दाबायचा, जीव खाऊन. गाडी थांबली की टायरपासून रेघेपर्यंत पावलं मोजायची. मग पन्नास. त्यावर जाऊ नका, गरज नाही. बहुतेक पोरांनी आयुष्यात एकदाही ब्रेक पूर्ण दाबलेला नसतो. एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, लागला की पायाखाली पेडल कटकट करून थरथरतं, काहीतरी मोडलं असं वाटून ती नेमका तेव्हाच पाय उचलतात. ती थरथर म्हणजे एबीएस काम करतोय, पाय दाबूनच ठेवायचा, हे एकदा पायाला कळलं की कळलं. तशी जागा मिळत नसेल तर एखाद्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांना सोबत घ्या, तासाचे पैसे घेतील.

तिसरं, गाडीतला बीप. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या गाड्यांत ऐंशीच्या वर गेलं की मधूनमधून आणि १२० च्या वर सतत वाजतो. तो बंद करून देणारे कारागीर गावात आहेत. तुमच्या गाडीचा वाजतोय ना, एकदा शेजारी बसून ऐका. वाजत नसेल तर बाकी सगळं सोडून आधी त्यावर बोला.

ज्याला खरंच वेग हवाय त्याला गो-कार्टच्या ट्रॅकवर पाठवा. हेल्मेट घालून, समोरून कुणी येत नाही अशा जागी, जमिनीपासून चार बोटं वर बसून. पन्नासला जे वाटतं ते एसयूव्हीत दीडशेला वाटत नाही. दोन-तीन पोरांची खाज मी अशी भागवली आहे. एकाची वाढली, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

आता गोवा. जाऊ द्या. नाही म्हणालात तर मित्राच्या गाडीतून जाईल, आणि ती कोण चालवणार ते तुम्हाला माहीत नसेल. आजरा-आंबोली मार्गे जायचं, पण पहाटे तीनला नाही. पोरांना पहाटे निघायची फार हौस, तेव्हा उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आणि चालकाच्या डोळ्यांवर झोप. उजाडल्यावर निघायचं आणि परतीला अंधार पडायच्या आत घाट चढून वर यायचं. चालवणारे दोघं हवेत, दोघांचीही लायसन्स तुम्ही स्वतः बघा. घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा, ब्रेकवर पाय ठेवून सरकत जायचं नाही. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडला किंवा एल वर टाकायचा, ते बटण कुठं आहे हे त्याला आदल्या दिवशी विचारा. पाच माणसं आणि बॅगा असतील तर टायरची हवा दारावरच्या स्टिकरवर पूर्ण लोडसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणं भरायची, आणि ती टायर गार असताना.